पासवर्ड लावलेल्या फायली दुसऱ्या ड्राइव्हवर नेल्या आणि आता उघडत नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातलं सीएचं ऑफिस असो, वाशीच्या एपीएमसीतला गाळा असो, वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप असो की घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचं ऑफिस, तक्रार थोड्याफार फरकाने एकच येते: ‘काल उघडत होती, आज ड्राइव्ह बदलला आणि पासवर्ड मागते.’ विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून जुन्या मशीनवरून नव्यावर जाणारे वाढले आणि हे प्रश्नही वाढले. खालची उत्तरं विंडोज १० आणि ११ साठी आहेत. कुठलाही उपाय करण्याआधी एक गोष्ट पाळा: जुन्या ड्राइव्हवरची मूळ फाइल अजिबात हलवू नका, पुसू नका.

१. फाइल तीच, पासवर्ड तोच. मग ड्राइव्ह बदलल्यावर अडतं कुठे?

पासवर्ड कोण मागतंय, हे आधी बघा. विंडोजमध्ये निदान पाच वेगवेगळी कुलुपं आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी आहे. एकाची किल्ली दुसऱ्याला लावत बसण्यातच लोकांचा दिवस जातो.

सगळा स्क्रीन मंद होऊन मधे चौकट आली, तर विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतंय. तिथे त्या कॉम्प्युटरच्या ॲडमिन युजरचा पिन किंवा पासवर्ड चालतो, फाइलचा नाही. पासवर्डची जागाच नाही, नुसतं ‘परमिशन नाही’ असं येतं, तर मालकीचा प्रश्न आहे (प्रश्न ४). फाइलच्या चिन्हावर छोटं कुलूप आहे आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं, तर ती ईएफएस एन्क्रिप्शनची, म्हणजे विंडोजने किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून ठेवलेली फाइल आहे (प्रश्न ७). ‘धिस पीसी’मध्ये अख्ख्या ड्राइव्हवरच कुलूप दिसतं, तर ते बिटलॉकर (प्रश्न ८). आणि सेव्हन-झिप (झिप फायली उघडायचा प्रोग्राम), एक्सेल, टॅली किंवा एखादा सेटअप स्वतःच्या चौकटीत पासवर्ड विचारत असेल, तरच तो फाइलचा स्वतःचा पासवर्ड. चौकटीच्या वरच्या पट्टीवरचं नाव वाचलं की बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

२. कॉपी केली काय आणि कट-पेस्ट केली काय, फरक पडतो का?

पडतो, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. एनटीएफएस (ड्राइव्हवर फायली मांडायची विंडोजची नेहमीची पद्धत) असलेल्या ड्राइव्हवर त्याच ड्राइव्हच्या आत फाइल हलवली, तर तिच्यावर थेट लावलेल्या परवानग्या तिच्यासोबत जातात. कॉपी केली, किंवा एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेली, की ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. सीवरून डीवर केलेलं कट-पेस्ट म्हणजे खरं तर आधी कॉपी आणि मग मूळ फाइल पुसणं. म्हणूनच ते करू नका. मधे वीज गेली किंवा केबल हलली, तर निम्म्या फायली इकडे आणि निम्म्या तिकडे राहतात. जुना ड्राइव्ह एसएसडी असेल, तर पुसलेलं परत मिळण्याची आशाही फारशी नसते, कारण ट्रिम नावाची सोय ती जागा लगेच मोकळी करून टाकते.

पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट या वेगळ्या मांडणीचा असतो. तिथे विंडोजच्या परवानग्या ठेवायला जागाच नाही, त्या गळून पडतात. परवानग्यांसकट न्यायचं असेल, तर दोन्हीकडे एनटीएफएस हवं आणि विंडोजमधलंच रोबोकॉपी ‘कॉपीऑल’ स्विचसह ॲडमिन म्हणून चालवायला हवं.

३. सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्राम फाइल्स’मधला सॉफ्टवेअरचा फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी केला. आयकॉन दिसतो, पण प्रोग्राम चालत नाही. का?

इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर त्या एका फोल्डरात नसतं. त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) असतात, काही डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या मदतीच्या फायली विंडोजच्या फोल्डरात, सेटिंग्ज ‘प्रोग्रामडेटा’ आणि ‘ॲपडेटा’त. काही प्रोग्रामांची पार्श्वभूमीला चालणारी सर्व्हिसही असते. तुम्ही फोल्डर उचललात, बाकीचं मागे राहिलं. त्यातून लायसन्स त्या मशीनच्या हार्डवेअरला बांधलेलं असेल, तर प्रोग्राम उघडूनही तो ॲक्टिव्हेशनचा पासवर्ड किंवा की मागेल.

बरोबर पद्धत अशी. जुन्या मशीनवर सॉफ्टवेअरमध्ये लायसन्स डिॲक्टिव्हेट किंवा सरेंडर करा, आणि हे फॉरमॅट करण्याआधीच करा. मग नव्या जागी मूळ सेटअपवरून इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडून डी ड्राइव्हचा मार्ग द्या. त्यानंतर फक्त डेटा फोल्डर आणा. श्री-लिपीसारखी किंवा कॅडची काही सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर (लायसन्ससाठी लावायच्या छोट्या यूएसबी किल्लीवर) चालतात. तिथे डोंगलचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो, नाहीतर डोंगल लावूनही ‘लॉक सापडत नाही’ असं येतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली ॲप्स ‘विंडोजॲप्स’ फोल्डरात असतात, त्यांना हात लावू नका. सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावासमोर ‘मूव्ह’ असेल तर तेच वापरा.

पोर्टेबल म्हणून मिळणारे प्रोग्राम मात्र फोल्डरसकट कुठेही न्या, ते चालतात.

४. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क यूएसबी केसिंगमध्ये (बाहेरून लावायच्या डबीत) घालून नव्या कॉम्प्युटरला लावली. माझाच फोल्डर आहे, तरी परवानगी नाही म्हणतो. पासवर्ड कुठला टाकू?

इथे पासवर्ड नाहीच. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं. जुन्या मशीनवरचे ‘तुम्ही’ आणि नव्यावरचे ‘तुम्ही’ यांचे क्रमांक वेगळे, नाव भले एकच असो. सिक्युरिटीच्या पानावर नावाच्या जागी ‘अकाउंट अननोन’ आणि मोठा आकडा दिसला, तर हेच झालं आहे.

आधी फोल्डरवर डबल क्लिक करून ‘कंटिन्यू’ दाबून बघा, साध्या प्रकरणात तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ‘ओनर’समोर ‘चेंज’ आहे, तिथे तुमचं युजरनेम टाकून ‘चेक नेम्स’ दाबा. नावाखाली रेघ आली की ओके. आता ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’ या चौकोनात खूण करा. ती विसरली तर वरचा फोल्डर उघडतो आणि आतले सगळे बंदच राहतात. ओके करून सगळ्या चौकटी बंद करा, पुन्हा सिक्युरिटीत या आणि स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्या. हजारो फायली असतील तर याला अर्धा तासही लागू शकतो. मधेच कॅन्सल करू नका.

हे फक्त बाहेरून लावलेल्या जुन्या ड्राइव्हवरच्या तुमच्या डेटा फोल्डरपुरतंच करा. चालू विंडोजच्या सी ड्राइव्हवर, ‘विंडोज’ किंवा ‘प्रोग्राम फाइल्स’वर मालकी घेतली, तर अपडेट अडकणं, प्रोग्राम बंद पडणं असे प्रकार सुरू होतात आणि ते निस्तरणं मूळ प्रश्नापेक्षा जड जातं.

५. ‘चेक नेम्स’ला माझं नाव सापडतच नाही.

मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल, तर स्क्रीनवर दिसणारं पूर्ण नाव तिथे चालेलच असं नाही. पूर्ण ईमेल टाकून बघा. नाहीतर ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘फाइंड नाऊ’ दाबून यादीतून निवडा. ‘युजर्स’मधल्या तुमच्या फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या ५ अक्षरांचं असतं. यादीत तशा नावाचा युजर दिसला तर घाबरू नका, तो तुम्हीच.

६. मालकी घेतली, तरी ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ उघडत नाही.

तो फोल्डर नाहीच. जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेली ती नुसती पाटी आहे, ती ‘युजर्स’कडे बोट दाखवते. ‘ॲप्लिकेशन डेटा’चंही तसंच. सोडून द्या. तुमचा डेटा ‘युजर्स’मध्ये आहे.

७. मालकी माझी, फुल कंट्रोल माझा, फाइल दिसते, पण उघडताना आणि कॉपी करताना ‘ॲक्सेस डिनाइड’. आता काय?

चिन्हावर कुलूप आहे का बघा. प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्डमध्ये ‘एन्क्रिप्ट कंटेंट्स टु सिक्युअर डेटा’ला खूण असेल, तर ती ईएफएसची फाइल. विंडोज प्रो असलेल्या ऑफिसच्या मशीनवर कुणीतरी केव्हातरी ती खूण केलेली असते आणि विसरलेली असते, कारण त्या मशीनवर ती फाइल कधी पासवर्ड मागतच नाही. लॉगिन हीच तिची किल्ली.

मालकी घेतल्याने हे कुलूप उघडत नाही. ज्या युजरने लावलं त्याचं सर्टिफिकेट लागतं. जुनं मशीन अजून चालू होत असेल, तर नशीब समजा. त्याच युजरने लॉगिन करा, सर्टिफिकेट मॅनेजर उघडा, ‘पर्सनल’मधल्या ‘सर्टिफिकेट्स’मध्ये ज्याच्या उद्देशात ‘एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टीम’ लिहिलंय ते प्रायव्हेट कीसकट एक्सपोर्ट करा. पीएफएक्स फाइल तयार होते. ती नव्या मशीनवर डबल क्लिक करून टाकली की फायली उघडतात. त्याहून सोपं म्हणजे जुन्या मशीनवरच ती खूण काढून टाका आणि मग कॉपी करा. जुनं विंडोज फॉरमॅट झालं असेल आणि सर्टिफिकेटही ठेवलेलं नसेल, तर त्या फायली परत मिळत नाहीत. हे सांगताना आम्हालाही वाईट वाटतं, म्हणून फॉरमॅटच्या आधी एकदा कुलपाचं चिन्ह शोधा.

८. ड्राइव्ह लावला की ४८ अंकी की मागतो. आम्ही कधीच असलं काही लावलं नव्हतं.

तुम्ही लावलं नसेल, विंडोजने लावलं असेल. बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिलं लॉगिन केलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप सुरू होतं, होम आवृत्तीवरही. ड्राइव्ह त्याच लॅपटॉपमध्ये असेपर्यंत मदरबोर्डवरची टीपीएम चिप तो गुपचूप उघडते. बाहेर काढून केसिंगमध्ये घातला की चिप सोबत नसते आणि रिकव्हरी की मागितली जाते.

ही की ६-६ अंकांच्या ८ गटांत असते. ज्या ईमेलने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून डिव्हाइसेसच्या पानावर त्या लॅपटॉपखाली बिटलॉकर कीज बघा. पडद्यावर ‘की आयडी’ दिसतो, त्याची पहिली अक्षरं यादीतल्या आयडीशी जुळवा, कारण एका अकाउंटवर चार-पाच लॅपटॉपच्या किल्ल्या असू शकतात. लॅपटॉप दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने सुरू करून दिला असेल, तर की त्याच्या अकाउंटमध्ये आहे. मुलाच्या कॉलेजच्या ईमेलने झाला असेल, तर तिकडे. एकदा ड्राइव्ह उघडला आणि फायली दुसरीकडे कॉपी केल्या, की त्या साध्या फायली होतात. बिटलॉकरचं कुलूप ड्राइव्हला आहे, फाइलला नाही.

९. झिपचा पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी ‘राँग पासवर्ड’ येतो.

बहुतेक वेळा पासवर्ड बरोबर असतो आणि टाइप चुकीचा होतो. या क्रमाने तपासा.

नोटपॅड उघडून पासवर्ड तिथे टाइप करा, म्हणजे डोळ्यांना दिसेल. विंडोज बटण आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड इंग्रजी आहे का बघा, कारण मराठी कीबोर्ड चालू असेल तर ठिपक्यांच्या मागे काय उमटतंय ते कळत नाही. इंग्रजीतही यूके कीबोर्ड निवडलेला असेल, तर ॲट आणि दुहेरी अवतरण चिन्ह यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. पासवर्डमध्ये ॲट असेल, तर हे पहिलं बघायचं. कॅप्स लॉक आणि नम लॉक तर बघाच.

पासवर्ड व्हॉट्सॲपवरून आला असेल, तर फोनने पहिलं अक्षर मोठं केलेलं असू शकतं. कॉपी करताना शेवटी एक स्पेस चिकटलेली असते. दोन लहान रेघांची एक लांब रेघ झालेली असते. पेस्ट न करता हाताने टाका.

तरी अडलं, तर उघडणारा प्रोग्राम बदला. विंडोज १० मधल्या झिपच्या सोयीला एईएस-२५६ या एन्क्रिप्शनने बंद केलेली झिप उघडता येत नाही. पासवर्ड बरोबर असूनही शेवटी ८०००४००५ असलेला एरर कोड आणि ‘अनस्पेसिफाइड एरर’ येते. सेव्हन-झिपने तीच फाइल लगेच उघडते.

राहिली शेवटची शक्यता: फाइल कॉपी होतानाच बिघडली. सेव्हन-झिप अशा वेळी ‘सीआरसी फेल्ड, राँग पासवर्ड?’ असं प्रश्नचिन्हासकट म्हणतं (सीआरसी म्हणजे डेटा जसाच्या तसा आहे का ते तपासायचा आकडा), कारण पासवर्ड चुकला की डेटा बिघडला हे त्यालाही बाहेरून कळत नाही. झिपला पासवर्ड लावायच्या जुन्या झिपक्रिप्टो पद्धतीत पासवर्ड तपासायला अवघा १ बाइट असतो. म्हणजे सरासरी २५६ चुकीच्या पासवर्डांमागे एक पहिल्या तपासणीतून निसटतो आणि मग सीआरसीची चूक दाखवतो. फाइल बिघडली का ते पाहायला प्रश्न ११ बघा.

१०. पासवर्ड मराठीत ठेवला होता. एका मशीनवर चालतो, दुसऱ्यावर नाही.

आपल्याला एकच दिसणारं अक्षर कॉम्प्युटरला दोन प्रकारे लिहिता येतं, म्हणून. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा ऱ घ्या. एक कीबोर्ड तो नुक्त्याच्या ऱ ला हलंत जोडून लिहितो, दुसरा साध्या र ला हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, आतले बाइट वेगळे. ‘ॲ’चंही तसंच: एका कीबोर्डवर ते एकच अक्षर आहे, दुसऱ्यावर अ आणि वरची चंद्रकोर अशी दोन. पासवर्ड बाइटवर तपासला जातो, दिसण्यावर नाही.

उपाय म्हणजे ज्या मशीनवर आणि ज्या कीबोर्डने पासवर्ड लावला, त्याच पद्धतीने टाका. घरी गूगलचा फोनेटिक आणि ऑफिसात इनस्क्रिप्ट असेल, तर दोन्हींनी नोटपॅडमध्ये शब्द लिहून तिथून पेस्ट करून पाहा. जुन्या झिपमध्ये तर मशीनच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे मराठी अक्षरांचे बाइट बदलतात किंवा प्रश्नचिन्ह होतात. फाइल उघडली की पासवर्ड इंग्रजी अक्षरांत बदला. मराठी वाक्यच ठेवायचं असेल, तर ते इंग्रजी लिपीत लिहा. लांब आणि लक्षात राहणारं असतं, ताकदही तेवढीच.

११. कॉपी झालेली फाइल मूळ फाइलसारखीच आहे हे कसं ओळखायचं?

आकार सारखा असणं पुरेसं नाही. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक, ‘सीआरसी एसएचए’, त्यात ‘एसएचए-२५६’. ६४ अक्षरांची एक ओळ येते. जुन्या ड्राइव्हवरच्या आणि नव्या ड्राइव्हवरच्या फाइलची ओळ जुळली, तर एक बिटही हललेला नाही. एक अक्षर वेगळं असलं, तरी कॉपी बिघडलेली आहे, पुन्हा करा.

दर कॉपीला ओळ वेगळीच येत असेल, तर पेनड्राइव्हवर संशय घ्या. रस्त्यावर स्वस्तात मिळणारे काही पेनड्राइव्ह ५१२ जीबी दाखवतात आणि आत चिप लहान असते. खऱ्या जागेपुरतं नीट लिहिलं जातं, पुढचं सगळं हवेत. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा छोटा फुकट प्रोग्राम पूर्ण ड्राइव्ह लिहून-वाचून खरी जागा सांगतो. नवा पेनड्राइव्ह आणल्या दिवशीच हे करा, डेटा टाकल्यावर नाही.

१२. ६ जीबीची झिप पेनड्राइव्हवर जातच नाही, जागा तर आहे.

पेनड्राइव्ह फॅट३२ आहे. तिथे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. डेटा बाजूला काढून एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. आणखी एक जवळची मर्यादा: आपोआप उघडणारी एक्सई झिप ४ जीबीच्या वर गेली, तर विंडोज ती चालवत नाही, ड्राइव्ह कुठलाही असो. तिला डबल क्लिक न करता सेव्हन-झिपमधून उघडा.

१३. सेटअप पासवर्ड घेतो, पण अर्ध्यावर ‘फाइल करप्ट’ म्हणून थांबतो.

दोन कारणं नेहमीची. एक, सेटअपच्या शेजारच्या बिन फायली किंवा पार्ट-२, पार्ट-३ आणायच्या राहिल्या. सगळे तुकडे एकाच फोल्डरात, मूळ नावानेच हवेत. कॉपीच्या वेळी नावाला ‘कॉपी’ असा शब्द किंवा कंसातला आकडा चिकटला असेल, तर तो काढा.

दुसरं कारण अँटिव्हायरस. पासवर्डच्या आतलं त्याला दिसत नाही, म्हणून कॉपी होताना तो गप्प राहतो आणि फाइल बाहेर पडताक्षणी उचलतो. विंडोज सिक्युरिटीत ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडा, नाव सापडेल. सॉफ्टवेअर कंपनीकडून थेट घेतलेलं असेल आणि खात्री असेल, तरच ‘रिस्टोअर’ करा. कुणीतरी फुकट दिलेला क्रॅक असेल, तर अँटिव्हायरसचं ऐका. पासवर्डची झिप हा व्हायरस लपवून पाठवायचा जुना मार्ग आहे.

फोल्डरात फोल्डर असं फार खोल गेलं असेल, तर पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या पुढे जातो आणि त्यामुळेही सेटअप अडतो. डी ड्राइव्हच्या मुळाशी दोन अक्षरी नावाचा फोल्डर करून तिथे उघडा.

१४. जीएसटीची एक्सेल युटिलिटी पेनड्राइव्हवरून आणली तर चालते. तीच थेट डाउनलोड केली तर लाल पट्टी येते आणि मॅक्रो (फाइलच्या आतले छोटे प्रोग्राम) बंद. असं का?

इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं. तो एनटीएफएसवरच टिकतो, एक्सफॅट पेनड्राइव्हवरून गेली की शिक्का पुसला जातो. २०२२ पासून ऑफिस अशा शिक्क्याच्या फाइलमधले मॅक्रो सरळ बंद ठेवतं. यात पासवर्डचा संबंध नाही. सरकारी पोर्टलवरूनच घेतली आहे याची खात्री करून झिपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’ला खूण, आणि मगच एक्स्ट्रॅक्ट. आधी एक्स्ट्रॅक्ट केलं तर शिक्का आतल्या प्रत्येक फाइलवर उमटतो आणि एकेकीवरून काढत बसावा लागतो.

१५. नव्या ड्राइव्हवर एक्सेल म्हणतं ‘फाइल दुसऱ्याने उघडली आहे’. दुसरं कुणीच नाही.

फाइल उघडी असतानाच फोल्डर कॉपी झाला. ‘व्ह्यू’मध्ये लपलेल्या फायली दाखवा. त्याच नावाची, सुरुवातीला लहरी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली इवलीशी फाइल दिसेल. एक्सेल बंद करून तेवढीच पुसा.

१६. टॅलीचा डेटा फोल्डर कॉपी केला. कंपनीच्या नावाच्या जागी नुसत्या चांदण्या दिसतात.

कंपनीवर टॅलीव्हॉल्ट पासवर्ड आहे, डेटा बिघडलेला नाही. चांदण्यांच्या ओळीवर एंटर करा, आधी व्हॉल्टचा पासवर्ड आणि त्यानंतर युजरनेम-पासवर्ड विचारलं जाईल. हे दोन वेगळे आहेत. लोक युजरचा पासवर्ड व्हॉल्टमध्ये टाकतात आणि अडतात. व्हॉल्टचा पासवर्ड कुठेही साठवलेला नसतो, तो हरवला तर कंपनीही काढून देऊ शकत नाही.

यादीत कंपनीच दिसत नसेल, तर टॅली अजून जुन्या मार्गावर शोधतंय. कंपनी निवडताना ‘स्पेसिफाय पाथ’मधून नवा ड्राइव्ह दाखवा. अंकी नावाचा जो फोल्डर असतो, त्याच्या बाहेरचा फोल्डर निवडायचा, आतला नाही. टॅली सगळ्या मशीनवर बंद करूनच कॉपी करा. एक जण व्हाउचर टाकत असताना घेतलेली कॉपी उघडली, तरी त्यातले आकडे विश्वासाचे नसतात.

१७. क्रोमचा पूर्ण प्रोफाइल फोल्डर आणला, बुकमार्क आले, सेव्ह केलेले पासवर्ड नाही आले.

ते जुन्या मशीनवरच्या तुमच्या विंडोज युजरला बांधलेले असतात, फोल्डर उचलून येत नाहीत. जुन्या मशीनवर गूगल अकाउंटचं सिंक सुरू करा, किंवा पासवर्ड एक्सपोर्ट करून नव्या मशीनवर इम्पोर्ट करा. एक्सपोर्टची फाइल उघड्या मजकुरात असते, काम होताच पुसा आणि रीसायकल बिनही रिकामी करा.

१८. दुकानात विंडोजचा पासवर्ड रिसेट करून आणला, तेव्हापासून काही फायली उघडत नाहीत.

लोकल युजरचा पासवर्ड बाहेरून रिसेट केला, की ईएफएसच्या फायली (प्रश्न ७) आणि विंडोजने साठवलेले पासवर्ड बंद होतात, कारण त्यांची किल्ली जुन्या पासवर्डपासून बनलेली असते. जुना पासवर्ड आठवला तर तोच परत लावा, बहुतेक वेळा कुलूप उघडतं. झिप, एक्सेल, टॅली यांच्या पासवर्डांवर रिसेटचा काही परिणाम होत नाही.

१९. कॉपी मधेच थांबते. ड्राइव्ह गेला का?

कुठे थांबते ते लिहून ठेवा. दर वेळी त्याच फाइलवर थांबत असेल, तर त्या जागी डिस्क खराब आहे. ती फाइल ‘स्किप’ करा, बाकीचा डेटा आधी काढा आणि एरर चेकिंग त्यानंतरच करा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर केबल, पोर्ट किंवा वीज. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा वापरा, हब काढून टाका. ३.५ इंची डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. मोठी कॉपी यूपीएसवर करा. पावसाळ्यात महावितरणची वीज क्षणभर जाऊन येते, तेवढ्यात एक्सफॅट ड्राइव्हचा नकाशा बिघडू शकतो.

२०. पासवर्ड खरंच विसरलो. तोडून मिळेल का?

पासवर्डवर अवलंबून आहे. ६ लहान इंग्रजी अक्षरांचे सुमारे ३१ कोटी प्रकार होतात, मशीनला ते अवघड नाही. १० अक्षरांचे १४१ लाख कोटींच्या वर जातात. सेव्हन-झिपचा स्वतःचा सेव्हन-झेड फॉरमॅट तर एक पासवर्ड तपासायला ५,२४,२८८ फेऱ्या मारतो, मुद्दाम हळू. त्यामुळे ‘कुठलाही पासवर्ड तासाभरात’ अशा जाहिरातीवर पैसे घालवू नका.

स्वतःच्या सवयीचा उपयोग करा. त्या वर्षी तुम्ही काय वापरत होतात: मुलांची नावं, फ्लॅट नंबर, गाडीचा एमएच ०४ किंवा एमएच ४३ नंतरचा आकडा, शेवटी १२३? ते सगळे तुकडे कागदावर लिहा, मोठ्या-लहान अक्षरांच्या जोड्या करा. विसरलेले पासवर्ड बहुतेक अशा कागदावरच सापडतात. एक्सेलच्या शीटला लावलेलं ‘प्रोटेक्ट शीट’ मात्र एन्क्रिप्शन नाही. ते काढता येतं, म्हणून पगारपत्रक त्याच्या भरवशावर ठेवू नका. फाइल उघडतानाच विचारला जाणारा पासवर्ड वेगळा, तो खरा.

२१. सोसायटीच्या आधीच्या खजिनदारांनी हिशेबाच्या फाइलचा पासवर्ड दिलेला नाही. तुम्ही उघडून द्याल का?

नाही. फाइल सोसायटीची असली, तरी ती उघडायचा अधिकार कमिटीच्या ठरावाने यावा लागतो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा डेटात परवानगीशिवाय अप्रामाणिकपणे शिरणं हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. आधी लेखी पत्र द्या. तरी दप्तर मिळालं नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८० खाली निबंधक कार्यालयाकडे अर्ज करता येतो. दरम्यान बँकेची स्टेटमेंट आणि पावती पुस्तकं हातात आहेत, त्यांवरून हिशेब पुन्हा उभा राहतो. पुढच्या वेळी पासवर्ड बंद लिफाफ्यात, सही करून, सचिवांच्या कपाटात ठेवायचा ठरावच करा.

२२. सगळं नव्या ड्राइव्हवर आलं. जुना कधी पुसू?

प्रत्येक पासवर्डवाली फाइल नव्या ड्राइव्हवरून, जुना ड्राइव्ह काढून ठेवून, एकदा उघडून बघा. यादी दिसली म्हणजे उघडली असं नाही, झिपमध्ये फायलींची नावं पासवर्डशिवायही दिसतात. आतली एक फाइल बाहेर काढून वाचा. टॅलीत मागच्या वर्षीचा ताळेबंद काढा. लायसन्सवाले प्रोग्राम मशीन बंद-चालू केल्यावर पुन्हा उघडतात का बघा. एक महिनाअखेर आणि एक जीएसटी रिटर्न नव्या मशीनवरून गेलं, की मग जुना पुसायला घ्या. आणि तो भंगारात द्यायचा असेल, तर आधी बिटलॉकर लावून मग फॉरमॅट करा, म्हणजे आत काही उरलं तरी ते कुणाला वाचता येणार नाही.